तुमचे २०० रुपये पोहोचले, नाव नाही पोहोचलं: क्यूआर कोडच्या काळातलं डोनेशन

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात आणि सोलापूर भागात अतिवृष्टी झाली. नद्यांचं पाणी शेतात आणि घरांत शिरलं, आणि एक-दोन दिवसांत व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर क्यूआर कोड फिरायला लागले. कुणी किराणा किट पाठवत होतं, कुणी वह्या-दप्तरं, कुणी जनावरांसाठी चारा. आपल्यापैकी अनेकांनी स्कॅन केलं, शंभर-दोनशे रुपये टाकले, हिरवी टिक आली, स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला आणि आपण पुढच्या मेसेजकडे वळलो.

त्यानंतर काय झालं? एकूण किती जमले? किट कुठल्या गावात गेलं? पैसे उरले का? बहुतेकांना याचं उत्तर कधीच मिळालं नाही. मग साहजिकच मनात येतं, ‘खाल्ले असतील.’ काही वेळा तसं घडतंही. पण अगदी प्रामाणिक संस्थेकडूनही मेसेज येत नाही, याचं एक साधं तांत्रिक कारण आहे. पैसे देणारे तुम्ही कोण, हे त्या संस्थेला माहीतच नसतं.

यूपीआयने दान देणं तीन सेकंदांचं केलं. त्या तीन सेकंदांत देणारा आणि घेणारा यांच्यातली ओळख मात्र गळून पडली. ही ओळख गेल्यामुळे संस्थेला कर भरावा लागू शकतो, तुमची पावती अडकते आणि फसवणूक करणाऱ्याचं फावतं. कसं, ते नीट पाहू.

स्कॅन केल्यावर संस्थेला काय दिसतं?

२०१६ मध्ये सुरू झालेलं यूपीआय आज कुठे पोहोचलंय? ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्यांदाच एका महिन्यात २,००० कोटींहून जास्त यूपीआय व्यवहार झाले. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराला किंवा संस्थेला एमडीआर, म्हणजे व्यवहारावरचं शुल्क द्यावं लागत नाही. त्यामुळे तुम्ही ५० रुपये दिले तर पूर्ण ५० पोहोचतात. पूर्वी ५० रुपयांचा चेक कुणी पाठवत नव्हतं, कारण तो पाठवण्याचा आणि वटवण्याचा खटाटोपच जास्त होता. छोट्या देणगीदाराला यूपीआयने पहिल्यांदा किंमत दिली, हे मान्य करायलाच हवं.

पण आता संस्थेच्या खजिनदाराच्या खुर्चीत बसून बघा. त्याच्या बँक स्टेटमेंटमध्ये तुमच्या पेमेंटची एक ओळ येते. त्यात तारीख, रक्कम, १२ अंकी रेफरन्स नंबर, तुमचा यूपीआय आयडी आणि बऱ्याचदा नावाची पहिली काही अक्षरं असतात. पत्ता नसतो, ईमेल नसतो. तुमचा यूपीआय आयडी मोबाइल नंबरवरून बनलेला नसेल तर फोन नंबरही नसतो. तुम्ही ‘नोट’मध्ये काही लिहिलं असेल तर तेही स्टेटमेंटपर्यंत पोहोचेलच याची खात्री नाही.

हे प्रायव्हसीच्या दृष्टीने बरोबरच आहे. चहावाल्याला तुमचा पत्ता कशाला कळायला हवा? पण यूपीआयची रचना चहाच्या बिलासाठी जितकी चपखल आहे, तितकी देणगीसाठी नाही. चहा प्यायला की व्यवहार संपतो. देणगीत पैसे दिल्यावर खरं काम सुरू होतं.

जुन्या पद्धतीशी तुलना करा. गणपतीच्या वर्गणीचं पावती पुस्तक आठवा. पोरं दारात यायची, नाव विचारायची, रक्कम लिहायची, सही करून पावती फाडून द्यायची. स्थळप्रत पुस्तकातच राहायची. कुणी किती दिले हे मंडळाला माहीत, आणि मंडळाने काय केलं हे देणाऱ्याला समोरच दिसायचं. ‘लोकसत्ता’चा ‘सर्वकार्येषु सर्वदा’ हा उपक्रमही याच ओळखीवर उभा राहिला. गणेशोत्सवाच्या दिवसांत वृत्तपत्र निवडक संस्थांची सविस्तर ओळख करून देतं आणि वाचक त्या संस्थांच्या नावे देणगी पाठवतात. चेकवर सही असते, सोबत बहुतेक वेळा नाव-पत्ता असतो. क्यूआर कोडने पावती पुस्तकाचं पैसे घेण्याचं काम उचललं, नाव लिहिण्याचं काम मात्र वाऱ्यावर सोडलं.

नाव नसलेल्या दानावर ३० टक्के कर

बहुतेक देणगीदारांना माहीत नसलेला भाग इथे आहे.

सुरुवातीला एक खुलासा: १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. इथे आम्ही सगळ्यांच्या तोंडात बसलेले जुनेच क्रमांक वापरतोय.

आयकर कायद्यात ‘निनावी देणगी’ अशी संकल्पना आहे. जुन्या कायद्यात ती कलम ११५बीबीसीमध्ये होती. ज्या देणगीदाराचं नाव आणि पत्ता यांची नोंद संस्थेने ठेवलेली नाही, ती देणगी निनावी. अशा देणग्या एका मर्यादेपलीकडे गेल्या की वरच्या रकमेवर ३० टक्के कर. मर्यादा किती? एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यातली जी रक्कम जास्त असेल ती.

उदाहरण घेऊ. समजा, एका छोट्या संस्थेला वर्षभरात ८ लाख रुपये देणगी मिळाली. त्यातले ३ लाख क्यूआर कोडवर आले आणि देणाऱ्यांचे नाव-पत्ते तिच्याकडे नाहीत. ८ लाखांचे ५ टक्के म्हणजे ४० हजार. १ लाख ही रक्कम त्याहून मोठी, म्हणून मर्यादा १ लाखाची. उरले २ लाख. त्यावर ३० टक्क्यांनी ६० हजार रुपये कर, सेस वगैरे वेगळं. तुम्ही वह्यांसाठी दिलेल्या पैशांतून ६० हजार रुपये सरकारी तिजोरीत गेले, आणि यात कुणीही एक रुपया खाल्लेला नाही!

‘पण देवळातल्या दानपेटीत तर नाव कुणीच लिहीत नाही,’ असं तुम्ही म्हणाल. बरोबर. निव्वळ धार्मिक कामासाठी असलेल्या ट्रस्टना या तरतुदीतून सूट आहे. गुप्तदानाची आपली परंपरा कायद्याने तिथे सांभाळली आहे. शाळा चालवणारी, रुग्णांना मदत करणारी, दुष्काळी भागात काम करणारी संस्था त्या सुटीत बसत नाही. तिच्या बाबतीत तुमचं गुप्तदान तिलाच महागात पडू शकतं.

८०जीचा फायदा तुम्हाला खरंच होतो का?

डोनेशनच्या जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत ‘टॅक्स बेनिफिट’ लिहिलेलं असतं. त्याचा खरा हिशेब असा आहे:

- नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवर कलम ८०जीखाली साधारणपणे निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होते, तीही ठरावीक मर्यादेत. २,००० रुपये दिले तर १,००० वजा. तुम्ही २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर वाचले २०० रुपये. २,००० रुपये वाचत नाहीत.
- ही सवलत फक्त जुन्या कररचनेत मिळते. नव्या कररचनेत ती नाही, आणि आता नवी रचनाच डिफॉल्ट आहे.
- २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर सवलत नाही. कपडे, धान्य, जुने लॅपटॉप अशा वस्तू दिल्या तरी सवलत नाही.
- एखाद्या व्यक्तीच्या ऑपरेशनसाठी थेट दिलेल्या पैशांवर ८०जी लागू होत नाही. ही सवलत नोंदणीकृत संस्थांना दिलेल्या देणगीसाठी आहे.

त्यात २०२५-२६ पासून नव्या रचनेत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. म्हणजे नुकतीच नोकरी लागलेल्या, हे वाचणाऱ्या बहुतेकांसाठी ८०जीचा फायदाही शून्य. ‘टॅक्स वाचवा’ हे वाक्य तुमच्यासाठी लिहिलेलंच नाही, तेव्हा त्याला भुलून देऊ नका.

मग पावती घ्यायची कशाला? कारण पावतीमागे एक यंत्रणा आहे. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून ८०जी असलेल्या संस्थेला दरवर्षी देणगीदारांची यादी आयकर विभागाकडे भरावी लागते. ही फॉर्म १०बीडीची यादी, मुदत ३१ मे. त्यात देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन किंवा आधारसारखा ओळख क्रमांक आणि रक्कम असते. ती भरल्यावर पोर्टलवरून फॉर्म १०बीई, म्हणजे देणगीचं प्रमाणपत्र तयार होतं आणि संस्थेने ते तुम्हाला द्यायचं असतं. उशीर झाला तर संस्थेला दिवसाला २०० रुपये शुल्क.

म्हणजे संस्थेच्या नुसत्या लेटरहेडवरच्या पावतीला आता पूर्वीइतकी किंमत उरलेली नाही. ‘तुमची १०बीडीची यादी भरली का?’ हा एक प्रश्न संस्था किती व्यवस्थित चालते हे सांगून जातो. तुम्हाला कर वाचवायचा नसला तरी हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

मधली रिकामी जागा कुणी भरली?

संस्था देणगीदाराशी बोलू शकत नाही म्हटल्यावर ते काम दुसऱ्यांनी उचललं. गिव्ह इंडिया २००० मध्ये सुरू झालं. पुढे बंगळूरुचं मिलाप २०१० मध्ये, मुंबईचं केटो २०१२ मध्ये आणि मुंबईचंच इम्पॅक्टगुरू २०१४ मध्ये आलं. या प्लॅटफॉर्मनी मोठं काम केलंय. ज्या कुटुंबाला कॅन्सरच्या उपचारासाठी घर विकावं लागलं असतं, त्यांच्यासाठी अनोळखी माणसांनी लाखो रुपये जमवले, हे आपण पाहिलं आहे.

पण इथे दोन गोष्टी समजून घ्यायला हव्यात.

पहिली, टिप. बऱ्याच प्लॅटफॉर्मवर ‘शून्य टक्के फी’ लिहिलेलं असतं. मग कंपनी चालते कशावर? मुख्यतः तुमच्या टिपवर. पेमेंटच्या स्क्रीनवर टिपचा आकडा आधीच भरलेला असतो आणि तो कमी करायचा पर्याय शोधावा लागतो. प्लॅटफॉर्मला कागदपत्रं तपासायला माणसं लागतात, सर्व्हर लागतात, त्यामुळे टिप मागण्यात गैर काही नाही. पण हा पैसा पेशंटला जात नाही, तो प्लॅटफॉर्मचा आहे, एवढं कळून द्या. आकडा बदलता येतो, शून्यही करता येतो.

केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यात १३ प्रकार दिले आहेत. न विचारता बिलात जादा रक्कम टाकणं हा त्यातला एक, आणि त्याच्या व्याख्येत धर्मादाय देणगीचा स्पष्ट उल्लेख आहे. तिकीट काढताना किंवा ऑर्डर देताना एक-दोन रुपये ‘चॅरिटी’ म्हणून आधीच टिक केलेले दिसले, तर ते याच प्रकारात मोडतात. ‘आत्ताच द्या, शेवटचे दोन तास’ अशी खोटी घाई आणि ‘नको, मला फरक पडत नाही’ असं बटण ठेवून लाजवणं हेसुद्धा त्या यादीतल्या प्रकारांत बसतं.

दुसरी गोष्ट, जाहिरात. इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवर नळ्या लावलेलं बाळ आणि रडणारी आई दिसते, तेव्हा आपलं बोट थांबतं. असं का होतं, यावर संशोधन झालेलं आहे. २००७ मध्ये स्मॉल, लोवेनस्टाइन आणि स्लोविक या अमेरिकेतल्या संशोधकांनी लोकांना ५ डॉलर दिले आणि त्यातले दान करायची संधी दिली. ज्यांना माली देशातल्या रोकिया या एका मुलीची गोष्ट सांगितली, त्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले. ज्यांना लाखो उपाशी लोकांची आकडेवारी दाखवली, त्यांनी सरासरी १.१४ डॉलर. आपलं मन एका चेहऱ्याला देतं, आकड्याला देत नाही.

हे माहीत असल्यामुळेच चेहरे दाखवले जातात. म्हणून जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था असलेल्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने २०२३ मध्ये धर्मादाय जाहिरातींसाठी नियम आणले. त्रासात असलेल्या व्यक्तीची, विशेषतः मुलांची, प्रतिष्ठा घालवणारी दृश्यं नकोत. न देणाऱ्याला अपराधी ठरवू नका. एका पेशंटचं नाव घेऊन पैसे मागितले तर ते त्याच पेशंटसाठी वापरले जाणार का, ते सांगा, असा त्यांचा रोख आहे.

आणि यातलं सगळ्यात महत्त्वाचं: प्लॅटफॉर्मवरून दिलं की तुमचा नंबर आणि ईमेल प्लॅटफॉर्मकडे जातो. ज्याला दिलं त्याची बातमी येवो न येवो, पुढच्या दहा केसेसचे मेसेज मात्र येतात. देणगीदाराशी नातं जुळलं, पण ते संस्थेचं नाही, मधल्या दुकानाचं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. या कायद्याची दिशा स्पष्ट आहे: तुमची माहिती कशासाठी घेतोय ते सांगा, संमती घ्या, आणि संमती मागे घेणंही तितकंच सोपं ठेवा.

खोटा क्यूआर, खरा क्यूआर

ओळख नसलेल्या व्यवहारात चोराला शिरायला सोपं जातं. मार्च २०२० मध्ये पीएम केअर्स फंड जाहीर झाला आणि लगेच त्याच्या यूपीआय आयडीशी एखाद्या अक्षराने जुळणारे बनावट आयडी तयार झाले. पोलिसांनी सावध केलं, बँकेने ते बंद केले. ३० जुलै २०२४ च्या वायनाड भूस्खलनानंतर केरळ सरकारने तर मुख्यमंत्री मदतनिधीचा क्यूआर कोड गैरवापराच्या भीतीने मागेच घेतला. क्यूआर कोड हे शेवटी एक चित्र आहे. माणसाच्या डोळ्याला दोन क्यूआरमधला फरक कळत नाही, आणि पोस्टर तेच ठेवून आतला कोड बदलणं हे दोन मिनिटांचं काम आहे.

त्यामुळे क्यूआरकडे बघू नका, स्कॅन केल्यावर येणाऱ्या नावाकडे बघा. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या सूचनेनुसार जून २०२५ अखेरपासून व्यक्तींना आणि लहान विक्रेत्यांना पैसे देताना ॲपमध्ये समोरच्याचं बँकेत नोंदलेलं नाव दिसायला हवं. पोस्टरवर ‘अमुक प्रतिष्ठान’ आणि स्क्रीनवर एखाद्या व्यक्तीचं नाव, असं दिसलं तर पिन टाकू नका, आधी फोन करून विचारा. पिन फक्त पैसे पाठवायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही, हेही पक्कं लक्षात ठेवा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे गोठवण्याची शक्यता जास्त.

दर महिन्याला देताय?

संस्थेसाठी एकदाच आलेल्या ५,००० रुपयांपेक्षा दर महिन्याचे ३०० रुपये बऱ्याचदा जास्त मोलाचे असतात. शिक्षिकेचा पगार दर महिन्याला द्यायचा असतो ना! यासाठी यूपीआय ऑटोपे आहे, जुलै २०२० पासून. एकदा परवानगी दिली की १५,००० रुपयांपर्यंतची नेहमीची रक्कम पिन न टाकता कापली जाते. रिझर्व्ह बँकेचा नियम असा की पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला सूचना आली पाहिजे. ऑटोपे तुम्ही ॲपमधून केव्हाही बंद करू शकता.

आता गंमत बघा. अनेक देणगीदारांना संस्थेच्या नावाने दर महिन्याला येणारा एकमेव मेसेज हाच असतो: ‘उद्या तुमच्या खात्यातून ३०० रुपये कापले जातील.’ मग एक दिवस पगार कमी पडतो, हा मेसेज येतो आणि आपण ऑटोपे बंद करतो. त्याऐवजी त्याच आठवड्यात ‘या महिन्यात अभ्यासिकेत चार नवीन मुली आल्या’ एवढी एक ओळ आली असती, तर निर्णय कदाचित वेगळा झाला असता.

परदेशातल्या दादा-वहिनींना सांगून ठेवा

पूर आला की न्यू जर्सी आणि दुबईतल्या नातेवाइकांचाही मेसेज येतो, ‘आम्ही पण पाठवतो.’ इथे थांबा. पासपोर्ट भारतीय असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असतील, तर तो विदेशी निधी मानला जात नाही. पण परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, अगदी ओसीआय कार्ड असलं तरी, तो विदेशी निधी ठरतो. तो घ्यायला संस्थेकडे एफसीआरएची नोंदणी किंवा परवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावा लागतो. ‘तू माझ्या खात्यावर टाक, मी इथून क्यूआरवर भरतो’ हा आपला लाडका जुगाड संस्थेला अडचणीत आणू शकतो.

हिशेब देणं बंधनकारक केलं तर?

तसा एक प्रयोग सुरू आहे. सेबीच्या देखरेखीखालच्या सोशल स्टॉक एक्स्चेंजवर ना-नफा संस्था ‘झिरो कूपन झिरो प्रिन्सिपल’ नावाचा रोखा काढून पैसे उभारू शकतात. नावातच सगळं आलं: व्याज शून्य आणि मुद्दलही परत नाही. म्हणजे ही देणगीच, फक्त काम काय होणार हे आधी लिहून दिलेलं आणि नंतर त्याचा अहवाल जाहीर करण्याचं बंधन असलेली. राष्ट्रीय शेअर बाजारावर डिसेंबर २०२३ मध्ये उन्नती फाउंडेशन ही पहिली संस्था नोंदली गेली. सुरुवातीला किमान रक्कम २ लाख होती, मग १० हजार झाली आणि मार्च २०२५ पासून १,००० रुपये. पण यात उतरण्याचा कागदोपत्री व्याप मोठा आहे. आठ माणसांवर चालणाऱ्या गावातल्या संस्थेला तो झेपणारा नाही. तिच्यासाठी उपाय साधाच लागेल.

उद्या क्यूआर तुम्हीच बनवणार असाल तर

कॉलेजचा ग्रुप असो, गणेश मंडळ असो किंवा गावातली संस्था, क्यूआर आणि पोस्टर बनवायचं काम घरातल्या तरुणाकडेच येतं. म्हणून हे तुमच्यासाठी:

१. क्यूआर संस्थेच्या खात्याचा ठेवा. मित्राच्या सेव्हिंग खात्यावर लाखभर रुपये जमले की बँक आणि आयकर विभाग दोघंही त्यालाच विचारणार. नोंदणी नसताना महाराष्ट्रात तात्पुरती वर्गणी गोळा करायची असेल, तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१क खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं ती घेतातच.

२. क्यूआरखाली दुसरी ओळ छापा. ‘पेमेंट झाल्यावर नाव, पत्ता आणि १२ अंकी रेफरन्स नंबर या व्हॉट्सॲप नंबरवर पाठवा, पावती मिळेल.’ किंवा छोटा फॉर्म द्या. पॅन फक्त ८०जी हवं असणाऱ्यांकडूनच मागा.

३. आठवड्यातून एकदा स्टेटमेंट आणि मेसेज जुळवा. रेफरन्स नंबर दोन्हीकडे तोच असतो, त्यामुळे एका साध्या एक्सेल शीटमध्ये हे काम होतं. हेच तुमचं नवं पावती पुस्तक.

४. दोन मेसेज ठरवून पाठवा. पहिला दोन दिवसांत: ‘मिळाले, धन्यवाद.’ दुसरा दोन-तीन महिन्यांत: किती जमले, किती खर्च झाले, कशावर, किती उरले. गाडीभाडं आणि पॅकिंगचा खर्चही लिहा. ‘शंभर टक्के पैसे थेट गरजूंपर्यंत’ असं लिहिणारी संस्था एक तर टेम्पोचं डिझेल स्वतःच्या खिशातून घालते किंवा खरं सांगत नाही.

५. मुलांचे चेहरे वापरू नका. दप्तर घेताना हात पुढे केलेल्या मुलाचा फोटो त्याच्या वर्गातल्या पोरांच्या फोनवरही पोहोचतो. दप्तरांचा ढीग दाखवा, बिलाचा फोटो दाखवा.

६. ‘मेसेज नको’ म्हणणाऱ्याचा नंबर लगेच काढा.

आणि देताना

स्कॅन करताना नाव जुळतंय का ते बघा. संस्था नोंदणीकृत असेल तर तिचा नोंदणी क्रमांक विचारा. अनेक संस्थांची माहिती नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवर सापडते. प्लॅटफॉर्मवर टिपचा आकडा स्वतः ठरवा. व्हिडिओ बघून डोळ्यांत पाणी आलं तर लगेच पैसे न देता दहा मिनिटं थांबा, मग द्या. खरी गरज दहा मिनिटांनीही तशीच असते. आणि पेमेंट झाल्यावर तीस सेकंद खर्चून संस्थेला एक मेसेज टाका: नाव, पत्ता, रक्कम, रेफरन्स नंबर. नाव बाहेर जाहीर नको असेल तर तसं लिहा. संस्थेच्या वहीत नोंद ठेवणं आणि फेसबुकवर टॅग करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपण हिशेब मागतो तेव्हा समोरच्यावर अविश्वास दाखवतोय असं अनेकांना वाटतं, म्हणून संकोच होतो. पण जिचा हिशेब चोख आहे त्या संस्थेला विचारलेलं आवडतं, कारण तिच्याकडे सांगण्यासारखं असतं. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा क्यूआर फिरतील. तेव्हा २०० रुपयांसोबत तुमचं नावही पाठवा, म्हणजे ‘पुढे काय झालं?’ हे विचारायचा हक्क तुमच्याकडे राहील आणि उत्तर कुणाला द्यायचं हे त्यांनाही कळेल.